नाशिकमध्ये वसंतात फुलणारे कंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपला की प्रश्न सुरू होतात. कोणीतरी काश्मीरला जाऊन आलेलं असतं, कोणीतरी ऑनलाइन कंद मागवून बसलेलं असतं, आणि मग "आता याचं करू काय?" तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र टाकतोय. ही उत्तरं नाशिक शहर आणि आजूबाजूपुरती आहेत, महाबळेश्वरवाल्यांनी आणि मुंबईकरांनी आपापल्या हवेप्रमाणे बदल करून घ्या.

नाशिकला एवढी थंडी पडते, मग ट्युलिप जमिनीत लावले तर का येत नाहीत?

थंडी पडते, पण ती रात्रीची. निफाडचा पारा पाच-सहावर आला की पेपरात फोटो येतो, शहरात शेकोट्या पेटतात, सगळं खरं, पण त्याच दिवशी दुपारी दोन वाजता गंगापूर रोडवर माणसं हाफ शर्टात उसाचा रस पीत असतात. ट्युलिपला सलग थंडी लागते, साधारण २ ते ९ डिग्रीच्या मधे, आणि तीही बारा ते सोळा आठवडे. आपल्याकडे पहाटे चार-पाच तास ती मिळते आणि दुपारी कुंडी तापली की कमावलेलं सगळं पाण्यात.

आता थंडी लागते कशासाठी, तर फूल बनवायला नाही. फूल आत आधीच बनलेलं असतं! कंद तुमच्या हातात येतो तेव्हाच त्याच्या पोटात छोटीशी पिवळट कळी तयार असते, एखादा खराब निघालेला कंद वरून खाली उभा कापून बघा, पाकळ्या आणि पुंकेसरसुद्धा दिसतात. थंडी लागते ती त्या कळीचा दांडा वर यायला. थंडी न मिळालेला कंद पानं काढतो, कळी पानांच्या बेचक्यात अडकून बसते आणि तिथेच वाळून जाते. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, खत कमी पडलं. तसं काही नसतं.

मग दिल्लीत रस्त्याच्या कडेला कसे फुलतात? तिथे काय काश्मीर आहे का?

तिथले कंद नेदरलँड्सहून थंडी घेऊनच आलेले असतात. आधी कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवतात, मग डिसेंबर-जानेवारीत लावतात आणि फेब्रुवारीत फुलतात, फुलून झाले की संपलं. श्रीनगरची गोष्ट वेगळी, तिथे जबरवान डोंगराच्या पायथ्याला २००७ मध्ये ट्युलिप गार्डन सुरू झालं, तिथे हिवाळाभर जमीनच गार असते म्हणून मार्चअखेर-एप्रिलमध्ये बाग फुलते. आपण दिल्लीची नक्कल करू शकतो, श्रीनगरची नाही. एवढं पक्कं डोक्यात असलं की निम्मा खर्च आणि मनस्ताप वाचतो.

फ्रीजमध्ये ठेवायचं म्हणजे नक्की कसं?

सर्वात आधी विकणाऱ्याला विचारा की कंद प्रीचिल्ड, म्हणजे आधीच थंडी देऊन आणलेले, आहेत का. असतील तर घरी आल्यावर परत आठवडेच्या आठवडे ठेवत बसू नका, थंडी चांगली सुरू झाली की लावा, मधले चार दिवस काढायचेच असतील तर फ्रीजमध्ये काढा.

प्रीचिल्ड नसतील तर कागदी पिशवी किंवा कांद्या-बटाट्याची जाळीची पिशवी घ्या, त्यात कोरडे कंद भरा आणि खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. फ्रीजरमध्ये नाही, तिथे गोठून त्यांचा लगदा होतो. प्लास्टिकची बंद पिशवी नको, आत घाम धरतो आणि बुरशी येते. दर आठवड्याला एकदा हात घालून दाबून बघायचं, मऊ लागला तो लगेच बाहेर. हिरवट-निळसर बुरशीचा हलका थर वरच्या सालीवर दिसला तर घाबरू नका, कोरड्या फडक्याने पुसा, कंद आतून कडक असला की चालतो.

आणि मुख्य म्हणजे त्या कप्प्यात फळं ठेवायची नाहीत. सफरचंद, केळी, चिकू, पेरू, पिकलेले टोमॅटो हे सगळे इथिलीन वायू सोडतात आणि त्याने आतली कळी मरते, कंद बाहेरून ठणठणीत दिसतो म्हणून तुम्हाला फेब्रुवारीपर्यंत पत्ताच लागत नाही. ज्या घरात भाजीचा कप्पा एकच आहे आणि त्यात कायम फळं भरलेली असतात त्यांनी सरळ प्रीचिल्ड घ्यावेत, घरात भांडणं नकोत.

हिशोब असा की बारा आठवडे धरले तर सप्टेंबरच्या मध्याला आत ठेवलेले कंद डिसेंबरच्या मध्याला लावता येतात आणि फेब्रुवारीत फूल दिसतं. पण बऱ्याचदा कंद हातात पडतात ऑक्टोबरच्या शेवटी, म्हणजे लावणी जानेवारीअखेर आणि कळी येणार मार्चमध्ये, तोवर ऊन चटके द्यायला लागलेलं असतं. उशीर झाला असेल तर उगाच जीव टाकू नका.

घरात कोणी कांदा समजून भाजीत घातला तर?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. नाशिकच्या स्वयंपाकघरात जाळीच्या पिशवीत गोल, तपकिरी सालीची वस्तू दिसली की ती कांदाच असते असं सगळे धरून चालतात. डॅफोडिल-नार्सिससच्या कंदात लायकोरिन नावाचं विष असतं, पोटात गेलं की उलट्या-जुलाब. हायसिंथ, ट्युलिप, एमेरिलिस यातलंही काही खायचं नाही. पिशवीवर मोठ्या अक्षरात "खायचं नाही" असं लिहून चिकटवा, आणि स्वयंपाकाच्या मावशींना, आजींना तोंडी पण सांगा, कारण चिठ्ठी कोणी वाचत नाही. चुकून पोटात गेलंच तर घरगुती उपाय करत बसू नका, कंद सोबत घेऊन डॉक्टरकडे जा.

रोज सकाळी कुंडीत बर्फाचे खडे टाकले तर चालेल का?

नाही. बर्फ वितळतो तासाभरात, कंदाला हवेत महिने. वर माती चिखल होऊन कंद कुजतो तो वेगळाच.

द्राक्षाला ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटायला पेस्ट लावतात, तशी ट्युलिपला लावता येईल का?

प्रश्न विचारणारा पक्का द्राक्षवाला आहे, आणि विचार चुकीचा अजिबात नाही. द्राक्षालाही थंडी कमीच पडते म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावून डोळे एकसारखे फोडतात. पण ते काडीवरच्या डोळ्यासाठी, ट्युलिपच्या कंदावर त्याचा उपयोग नाही. आणि औषध जहाल आहे, घराच्या गॅलरीत आणायचं पण नाही.

फ्रीजच्या भानगडीशिवाय काय लावू?

हा खरा विचारायचा प्रश्न. माझं स्पष्ट मत आहे की नाशिककराने ट्युलिप हौस म्हणून चार-पाच लावावेत आणि बाकी सगळा पैसा आणि जागा पुढच्या मंडळींना द्यावी.

पहिला मान एमेरिलिसचा. नर्सरीत सगळे एमेरिलिसच म्हणतात, शास्त्रीय नाव हिप्पिअ‍ॅस्ट्रम, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. याला थंडीपेक्षा कोरडी विश्रांती हवी, ती आपल्या हिवाळ्यात आयती मिळते. मार्च-एप्रिलमध्ये तळहाताएवढी फुलं येतात, आणि कंद वर्षानुवर्षं टिकतो, पिल्लं देतो, शेजाऱ्यांना वाटून उरतो.

मग फ्रीसिया. हे दक्षिण आफ्रिकेचं, गार रात्री आणि उबदार दिवस याला चालतात. वास असा की एक कुंडी पूर्ण गॅलरीला पुरते. पानं लोळतात, म्हणून सुरुवातीलाच काड्या रोवून दोरा बांधायचा. याच्याच जोडीला स्पॅराक्सिस आणि इक्सिया, नर्सरीत फार दिसत नाहीत पण मिळाले तर सोडू नका.

रॅननक्युलस आणि अ‍ॅनिमोन हेही आपल्या थंडीत फुलतात, रंग भन्नाट, पण उन्हं तापली की पानं झटकन पिवळी पडतात म्हणून वेळेवर लावले तरच मजा. ग्लॅडिओलस तर आपल्याकडे शेतात करतात, त्याला काही शिकवायला लागत नाही, लावल्यापासून जातीप्रमाणे साधारण सत्तर ते शंभर दिवसांत दांडा.

डॅफोडिलचा हट्टच असेल तर पेपरव्हाइट नावाचा पांढरा नार्सिसस घ्या, त्याला थंडी लागत नाही, गोट्यांवर पाण्यात ठेवला तरी फुलतो. वास मात्र सगळ्यांना झेपत नाही, बंद खोलीत ठेवण्याआधी हुंगून बघा.

निशिगंध, रेन लिली, फुटबॉल लिली यांबद्दल पण विचारतात. कंद छानच आहेत, पण ते वसंतातले नाहीत. फुटबॉल लिली मे महिन्यात गोळा वर काढते, रेन लिली पाऊस पडून गेला की, आणि निशिगंध उन्हाळ्याच्या तोंडाला लावला तर पावसाळ्यात. ज्यांच्याकडून वसंतातलं काहीच नीट होत नाही त्यांनी खुशाल यांच्याकडे वळावं, कमीपणा काही नाही त्यात.

लावायचे कधी?

ऑक्टोबर हीट गेल्यावर. फ्रीसिया, रॅननक्युलस, अ‍ॅनिमोन साधारण दिवाळीनंतर म्हणजे नोव्हेंबरमध्ये, रात्री गार वाटायला लागल्यावर. ग्लॅडिओलस सप्टेंबरअखेरपासून पुढे, पंधरा-पंधरा दिवसांनी थोडे थोडे लावले तर फुलं एकदम येऊन संपत नाहीत. थंड केलेले ट्युलिप आणि हायसिंथ डिसेंबरच्या मध्याला, सगळ्यात गार आठवडे त्यांना मिळायला हवेत. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत निघून जाते, सगळा हिशोब त्या तारखेवरून उलटा मांडायचा.

आमच्याकडे काळी माती आहे, चालेल?

एकटी नाही. काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगा पडून मुळं तुटतात, कंदाला दोन्ही नको. कुंडीसाठी एक भाग माती, एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट घातलं तर थोडंच, नुसत्या कोकोपीटमध्ये पाणी किती दिलं याचा अंदाज जातो. कच्चं शेणखत घालाल तर कंद आठवड्यात सडेल आणि वर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, फुकट मिळेल.

जमिनीत लावायचे असतील तर वाफा वीतभर उंच करा. बंगल्याच्या कंपाउंडच्या भिंतीलगत बांधकामाचा राडा गाडलेला असतो, तिथे आधी खोदून बघा.

किती खोल आणि कुठली बाजू वर?

ट्युलिपला कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल, टोक वर. फ्रीसियाचे गड्डे दोन इंच, टोक वर. ग्लॅडिओलस चार इंच, नाहीतर दांडा आडवा पडतो. एमेरिलिस याच्या एकदम उलट, त्याची मान आणि वरचा एक तृतीयांश भाग मातीच्या बाहेर पाहिजे. पूर्ण गाडलेला एमेरिलिस हा नाशिकमधल्या निम्म्या तक्रारींचं मूळ आहे.

रॅननक्युलसचा कंद छोट्याशा केळ्याच्या फणीसारखा दिसतो, ती बोटं खाली आणि वरचा केसाळ भाग वर. लावण्याआधी तीन-चार तास पाण्यात भिजवा, फुगून दुप्पट होतो. रात्रभर ठेवून विसरलात तर सडतो. भिजवून झाल्यावर लगेच कुंडीत न लावता ओलसर कोकोपीटमध्ये गार सावलीत दहा-बारा दिवस ठेवलं तर पांढरी मुळं फुटतात, आणि मग कुठले जिवंत कुठले मेलेले ते लावण्याआधीच कळतं. अ‍ॅनिमोनचं तर वर-खाली समजतच नाही, आडवा लावा, तो आपला रस्ता शोधतो.

पाणी रोज घालायचं ना?

नाही हो. लावल्यावर एकदा भरपूर, मग कोंब दिसेपर्यंत बोट घालून बघायचं, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच. कळी आल्यावर मात्र कोरडं पडू द्यायचं नाही, फेब्रुवारीच्या दुपारी वारा सुटतो तेव्हा कुंडी झपाट्याने वाळते. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून द्या.

आमची गॅलरी पश्चिमेला आहे, दुपारचं ऊन भरपूर येतं.

एमेरिलिस आणि ग्लॅडिओलस लावा. ट्युलिप, हायसिंथ, रॅननक्युलस यांना सकाळचं दोन-तीन तास ऊन आणि नंतर सावली लागते, तुमच्या गॅलरीत दोन दिवसांत फूल उघडं पडून गळेल. जिन्यात किंवा पूर्वेच्या खिडकीत जागा असेल तर फुलायच्या वेळी तिकडे हलवा.

एमेरिलिसला तीन वर्षं झाली, नुसती पानंच येतात. काय करू?

कारणं बरीच असतात आणि बहुतेक घरी दोन-तीन एकत्र असतात.

एक तर कंद खोल गाडलेला असतो, वर सांगितलंच. दुसरं, सावली. हा कंद आतल्या आत साधारण दर चार पानांमागे एक कळी तयार करतो, म्हणजे पावसाळ्यात आणि त्यानंतर जेवढी धट्टीकट्टी पानं तेवढी पुढच्या उन्हाळ्यात फुलं, आणि पानं धट्टीकट्टी व्हायला ऊन लागतं. तिसरं, युरियाचा मारा. पानं हिरवीगार, फूल शून्य. चौथं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे विश्रांतीच नाही, बारा महिने रोज पाणी चालू, कारण बागेला पाइप लावला की सगळ्यांना सरसकट पाणी मिळतं.

असं करा: नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी कमी करत बंद करा. पानं पिवळी पडतील, पडू द्या, वाळली की ओढून काढा. कुंडी आडोशाला, जिथे पाइपचं पाणी पोहोचत नाही अशा ठिकाणी आठ-दहा आठवडे ठेवून द्या. जानेवारीअखेर बाहेर काढा, वरची दोन इंच माती बदलून गांडूळखत घाला, एकदा पाणी द्या आणि कोंब दिसेपर्यंत परत हात आखडता घ्या. कळीचं टोक चपटं आणि जाड असतं, पानाचं पातळ, एकदा नजर बसली की लगेच ओळखू येतं. अनेकदा कळी मानेच्या मधून न येता बाजूने येते, तो कोंब तोडू नका!

पिल्लं खूप झाली असतील तर याच वेळी वेगळी करा. सुपारीएवढ्या पिल्लाला फूल यायला दोन-तीन वर्षं जातात, तेवढा धीर धरा.

पावसाळ्यात लिलीवर काळ्या अळ्या पडतात आणि रात्रीत सगळं खातात. औषध?

काळ्या अंगावर पांढरे आणि तांबडे ठिपके असलेली ती अळी लिली मॉथची. एमेरिलिस, स्पायडर लिली, क्रायनम यांच्या मागे हात धुऊन लागते. पानाच्या खालच्या बाजूला बारीक अंड्यांचे पुंजके दिसले की पानाचा तेवढा तुकडाच कापून टाका, हा सगळ्यात सोपा उपाय. अळ्या मोठ्या झाल्या असतील तर संध्याकाळी ग्लोव्हज घालून वेचायच्या आणि साबणाच्या पाण्यात टाकायच्या. निंबोळी अर्क लहान अळ्यांवर चालतो, मोठ्या त्याला दाद देत नाहीत. पानं पूर्ण खाऊन त्या मानेतून कंदात शिरल्या तर कंद मऊ पडतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवसांआड नजर ठेवा.

फुलं झाल्यावर पानं कापून टाकू का? खराब दिसतात.

दिसू द्या. पुढच्या वर्षीचं फूल त्या पानांतून भरतं. फक्त सुकलेल्या फुलाचा दांडा कापा, नाहीतर बी धरण्यात ताकद जाते. पानांच्या वेण्या घालायच्या नाहीत, गाठी मारायच्या नाहीत, स्वतःहून पिवळी पडेपर्यंत पाणी आणि थोडं पोटॅशवालं खत चालू ठेवायचं.

काढून ठेवायचे कसे? जमिनीतच राहू दिले तर?

जून ते सप्टेंबरच्या पावसात फ्रीसिया आणि रॅननक्युलस जमिनीत कुजतात, काढायलाच लागतात. एप्रिल-मेमध्ये पानं वाळली की काढा, माती झटका, धुवायचं नाही, सावलीत आठवडाभर पसरा. पुढचं नाशिककराला शिकवायला नको, कांदा चाळीत का टिकतो ते तुम्हाला ठाऊक आहे, खालून-वरून हवा खेळली पाहिजे, थर पातळ पाहिजे, एक सडका दिसला की बाजूला. जाळीच्या पिशवीत घालून पोटमाळ्याखाली टांगा आणि नावाची चिठ्ठी आतच टाका, ऑक्टोबरपर्यंत सगळे गड्डे सारखेच दिसतात. घुशींचा त्रास असेल तर जमिनीवर ठेवूच नका.

ट्युलिप पुढच्या वर्षी परत येतील का?

नाही. आपल्याकडे फुलल्यावर लगेच उन्हाळा येतो, पानांना कंद भरायला वेळच मिळत नाही, उरतात छोटे छोटे तुकडे. फुलून झाले की कंपोस्टमध्ये टाका. वाईट वाटतं, पण गणपतीच्या आराशीतली फुलं आपण कुठे पुढच्या वर्षाला ठेवतो!

हायसिंथ पाण्याच्या ग्लासमध्ये जमतो का?

जमतो, थंड केलेला कंद असेल तर. पाण्याची पातळी कंदाच्या बुडापासून जरा खाली, बूड टेकलं की सडतं. मुळं भरेपर्यंत गार, अंधाऱ्या कोपऱ्यात, कोंब बोटभर झाला की उजेडात. कंद हाताळताना हात खाजतात, ग्लोव्हज घाला.

ऑनलाइन निळ्या ट्युलिपचं बी मिळतंय, शंभर बिया, फारच स्वस्त. घेऊ का?

नका घेऊ. खरा निळा ट्युलिप अस्तित्वात नाही, जांभळ्यालाच निळा म्हणून विकतात आणि फोटो तर काय कसाही रंगवता येतो. शिवाय बियांपासून ट्युलिपला फूल यायला पाच-सात वर्षं लागतात, तीही थंड प्रदेशात. घ्यायचा तर कंद घ्या, घेर १२ सेंटीमीटर किंवा जास्त, हाताला जड आणि कडक. एमेरिलिस विकत घेताना जितका मोठा तितका चांगला, तिथे कंजुषी नको.

केशराचे गड्डे घरी लावून केशर मिळेल?

फूल मिळेल, पोट भरेल असं केशर नाही. केशराचा क्रोकस वसंतात नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलतो. एक ग्रॅम वाळलेल्या केशराला साधारण दीडशे फुलं लागतात, हिशोब तुम्हीच करा. चांगला मोठा गड्डा गार खोलीत ट्रेमध्ये मातीशिवायही फुलतो, म्हणून व्हिडिओत सगळं सोपं दिसतं, पण नंतर पुढच्या वर्षीचा गड्डा भरायला त्याला लांबलचक गार हिवाळा लागतो आणि आपलं गाडं तिथे अडतं. पोरांना दाखवायला पाच-सहा लावा, धंद्याची स्वप्नं बघून कर्ज काढू नका.

घरात मांजर आहे, काय टाळू?

खरी लिली, म्हणजे एशियाटिक-ओरिएंटल नावाने बुकेमध्ये येते ती लिलियम. तिचे परागकण चाटले तरी मांजराची किडनी जाऊ शकते. ती घरातच नको, कापलेल्या फुलांच्या रूपात पण नको. बाकीचे कंद कुत्र्या-मांजरांच्या तोंडाला लागणार नाहीत असे उंचावर ठेवा.

अंजनेरीला पावसाळ्यात जंगली कंद छान फुललेले दिसतात, एखादा उकरून आणला तर?

आणायचा नाही. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथली कंदीलपुष्पाची एक जात तर त्या डोंगराच्याच नावाने ओळखली जाते आणि अतिशय दुर्मिळ आहे. असले कंद घरच्या कुंडीत सहसा जगतही नाहीत. फोटो काढा आणि खाली या. कळलावी आवडत असेल तर तिचे कंद नर्सरीत मिळतात, फक्त तीही विषारी आहे, पोरं खेळतात तिथे लावू नका.